पंधरा इंचांची म्हैस

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्या मित्रासोबत रोज सकाळी गोदावरीच्या पुलापर्यंत चालायला जातो त्याच्याजवळ नाही. महादेवासमोर हात जोडून उभा राहतो तेव्हासुद्धा नाही — तिथं तर मी डोळे मिटून पटकन दुसरंच काहीतरी मागून घेतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही सोपं जात नाहीये.

गंगाखेडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं टी-शर्ट छापायचं दुकान आहे. शाळांचे खेळाचे शर्ट, गणेश मंडळं, जयंतीच्या मिरवणुका, क्रिकेटच्या टीमा — असं काम. संगणकावर डिझाईन करायचं, फिल्मवर छापायचं आणि ती फिल्म शर्टावर ठेवून गरम प्रेसखाली दाबायची. अर्ध्या मिनिटाच्या आत चित्र कापडात बसतं. मग ते निघत नाही.

लोकांना वाटतं या धंद्यात रंग महत्त्वाचा. रंग नाही, माप. एकाच ऑर्डरीत स्मॉल असतात, मिडियम असतात, लार्ज असतात, एखादा डबल एक्सेल असतो. नवा माणूस सगळ्यांवर एकाच मापाचं चित्र छापतो, मग स्मॉलवर ते काखेत शिरतं. नाहीतर शर्ट जेवढा वाढला तेवढं चित्र वाढवत नेतो, मग जाड माणसाच्या अंगावर ते चौकातल्या फ्लेक्ससारखं दिसतं. मी तसं करत नाही. स्मॉलला नऊ इंच, मिडियमला दहा, लार्जला साडेदहा, एक्सेलला अकरा. त्याच्या पुढं शर्ट कितीही मोठा असू द्या, मी बाराच्या वर जात नाही. मोठ्या अंगाच्या माणसाला चित्र बेताचं ठेवलं की तो भारदस्त दिसतो. मोठं केलं की त्याचं हसू होतं. हे मला कुणी शिकवलं नाही, पंधरा वर्षांत हाताला कळत गेलं. आणि हे आधीच सांगून टाकतो, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नको आहे.

तिचं नाव शिवकन्या. माझ्या नंदिनीच्या वर्गात होती, दहावीला. पोखर्णीकडच्या एका खेड्यातून एसटीनं शाळेला यायची. वडिलांचं गावात छोटंसं किराणा दुकान. लिंगायताचं घर, सगळ्यांच्या गळ्यात इष्टलिंग. पूजा झाल्याशिवाय ही पोरगी घराबाहेर पडायची नाही, म्हणून पहिली गाडी हमखास चुकायची आणि पहिल्या तासाला बाहेर उभी राहायची. उंच, रुंद खांद्यांची, जड अंगाची पोरगी. आमच्या घरी यायची. जेवायला बस म्हटलं की लाजायची नाही, सरळ बसायची. "काकू, तुमच्या भाजीला लय चव हाय ओ," असं म्हणत तिसरी भाकरी मागून घ्यायची. बायकोला ती फार आवडायची. मलाही — मलाही आवडायची का? सुरुवातीला आवडायची, हे खरं आहे.

शाळेत मुलींची कबड्डीची टीम होती. नंदिनी त्यात होती. बारा पोरी, त्यातल्या सात मैदानात. नंदिनी आठवी. तिची जागा उजव्या कोपऱ्यातली आणि त्या कोपऱ्यात शिवकन्या उभी. तिनं एकदा घोटा धरला की सुटायचा नाही. खेळाचे सर एकदा दुकानात आले होते, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की आमची पोरगी कशी खेळायलीय. सर म्हणाले, "नंदिनी चांगलीच हाय. पण शिवकन्या म्हंजी भिंत हाय. पुढच्या वर्षी तिला पुण्याला निवडीसाठी घेऊन जायलोय मी. तिथं राहणं-खाणं, शिक्षण सगळं त्यांच्याकडं. पोरीचं भलं होईल."

मी म्हणालो, वा, वा.

तुम्हाला वाटेल मी स्वतः कबड्डी खेळायचो, कुठंतरी मागं पडलो, आणि ते दुःख पोरीच्या रूपानं — तसं काही नाही. मी आयुष्यात कबड्डी खेळलो नाही. नंदिनीलाही खेळाचं फार काही नव्हतं. मैत्रिणी खेळतात म्हणून खेळायची. घरी येऊन रंगवून सांगायची, आज शिवानं कसं एकटीनं धरलं, समोरची पोरगी कशी रडकुंडीला आली. पोरगी आपल्या मैत्रिणीचं कौतुक करायलीय आणि समोर जेवत बसलेल्या बापाच्या पोटात आग पडायलीय — असा बाप पाहिलाय का तुम्ही? कशाची आग होती ती? माझी पोर देखणी, नीटनेटकी, शहरातली, ती बाकावर. आणि ती खेड्यातली जाड पोरगी आत. एवढंच. याच्यापेक्षा मोठं कारण मी खूप शोधलं. सापडलं नाही.

तालुक्याच्या सामन्यांच्या आधी सर शर्टांची ऑर्डर घेऊन आले. एका पशुखाद्याच्या व्यापाऱ्यानं शर्ट द्यायचं कबूल केलं होतं. त्याची अट एकच — पाठीवर त्याच्या दुकानाचं नाव आणि खूण. खूण म्हणजे म्हैस. भरल्या अंगाची, शेपटी उडवत उभी असलेली काळी म्हैस. सरांनी बारा पोरींची नावं आणि मापं वहीच्या कागदावर लिहून आणली होती. "म्हैस जरा बारीक टाका," जाताना सर म्हणाले. "पोरी हायत, त्यांना कसंतरी वाटतं." मी म्हणालो, काळजी करू नका, हाताच्या तळव्याएवढी येईल, कुणाला दिसायची नाही.

शर्ट पिवळे होते. दुपारची वेळ, गल्लीत सामसूम, दुकानात मी एकटा. अकरा शर्ट मी मन लावून केले. वर दुकानाचं नाव, त्याखाली चार इंचांची म्हैस, त्याखाली मोठा नंबर. नंदिनीचा स्मॉल. त्याच्यावर म्हैस तीनच इंच ठेवली. मग शिवकन्येचा डबल एक्सेल समोर घेतला.

आधी मी बरोबर केलं होतं. हे सांगायलाच पाहिजे. नाव बारा इंच, म्हैस चार इंच, नंबर खाली. पडद्यावर सगळं छान दिसत होतं. फक्त छापायचं बटण दाबायचं होतं. आणि मी म्हशीचा कोपरा धरला आणि ओढला. सहा इंच. नऊ. हात थांबला का मधे? थांबला. मी उठलो, माठातलं पाणी प्यालो, पुन्हा येऊन बसलो. आणि पंधरा इंचांवर नेली. पाठभर म्हैस. नंबर कमरेजवळ खाली ढकलला. म्हणून तर मी याला चूक म्हणत नाही. चूक पाणी प्यायच्या आधी होते.

पुढचंही ऐका. फिल्म वाया जाऊ नये म्हणून मी आधी साध्या कागदावर म्हैस काढली, चिकटपट्टीनं शर्टावर लावली, शर्ट हँगरवर टांगला आणि मागं सरकत सरकत दाराशी जाऊन उभा राहिलो. लांबून कशी दिसते ते बघायला. मैदानात लोक तेवढ्या लांबून बघणार ना. मी डोकं तिरकं करून बघितलं. म्हैस थोडी वर वाटली, म्हणून दोन इंच खाली घेतली. एखाद्याच्या लग्नाचं काम असावं इतक्या निगुतीनं मी हे केलं. मग खरी फिल्म छापली, प्रेस खाली दाबला, आणि शर्टाची घडी छातीची बाजू वर ठेवून घातली. छातीवर फक्त शाळेचं नाव होतं, बेताचं. तो शर्ट मी गठ्ठ्याच्या तळाला ठेवला.

सामन्याच्या दिवशी मी दुकान बंद करून मैदानावर गेलो. पोरीचा खेळ बघायला म्हणून बायकोला सांगितलं. पोरगी तर बाकावर बसणार होती. मग मी काय बघायला गेलो होतो?

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. शाळाशाळांची पोरं, मास्तर, पालक, सगळे दोरीला लागून उभे. सरांनी खोक्यातून शर्ट वाटले. पोरींनी घाईघाईनं अंगातल्या बनियनवर चढवले. शिवकन्येनं शर्ट घातला, छातीवरचं शाळेचं नाव हातानं सारखं केलं आणि नंदिनीकडं बघून हसली. पाठीवर काय आहे ते घालणाऱ्याला दिसत नाही. हे मी आधी धरून चाललो होतो का? धरून चाललो होतो.

ती मैदानाच्या बाजूनं वळली आणि तिची पाठ लोकांकडं झाली.

लोक आपणहून हसले असते का? असतीलही. कुणीतरी कोपर मारून दुसऱ्याला दाखवलं असतं, दोन-चार पोरं खिदळली असती, आणि खेळ सुरू झाला की विसरलीही असती. मला माहीत नाही, कारण मी वाट पाहिली नाही. मी गर्दीत मागं उभा होतो, माझ्या पुढं दुसऱ्या शाळेची उंच पोरं होती. मी मान खाली घातली आणि आवाज बदलून ओरडलो — "अरे, म्हैस सुटली रे!"

तो आवाज माझा होता. इथवर यायला मला एवढं सगळं बोलावं लागलं.

मग काय, सगळं मैदान. पुढच्या पोरांनी ते उचललं. "धरा रे म्हशीला", "कुणाची हाय रे", कुणी हंबरून दाखवलं. आणि शिवकन्या — तिला कळलंच नाही. दुसऱ्या कुणाला तरी हसायलेत असं समजून ती पण हसायला लागली. मागं वळून बघत होती, कुठं आहे म्हैस म्हणून. ती जितकी वळायची तितकी तिची पाठ आणखी लोकांना दिसायची, तितका हशा वाढायचा. तो व्यापारीही तिथं आला होता. आपली म्हैस एवढी ठळक दिसतेय म्हणून तो खूश होऊन टाळ्या वाजवत होता.

नंदिनीनं तिला ओढून बाजूला नेलं. शर्ट पाठीवर ताणून धरून, मान वळवून, शिवकन्येनं जेवढं दिसेल तेवढं बघितलं. मला तिचा चेहरा दिसला. रडली नाही ती. फक्त तोंडावरचं हसू तिथंच राहिलं आणि बाकीचा चेहरा निघून गेला, असं काहीतरी झालं. सरांनी टॉवेल दिला, पण टॉवेल घेऊन कोण खेळणार? पंच शिट्टी वाजवायला लागले. ती तशीच आत गेली. कोपऱ्यात उभी राहिली, पण सरळ नाही — पाठ रेषेबाहेर जिकडं माणसं कमी तिकडं राहील अशी तिरकी. असं उभं राहून कुणाला घोटा सापडतो? पहिली पोरगी तिच्या हाताखालून निघून गेली. दुसरी गेली. दर वेळेला हंबरणं. तिसऱ्या वेळेला तिनं सरांकडं बघून हात वर केला, मला बाहेर घ्या म्हणून. बाहेर आल्या आल्या ती मंडपाच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली, ती सामना संपेपर्यंत हलली नाही.

सरांनी नंदिनीला आत पाठवलं. मी टाळ्या वाजवल्या. या वेळी उघडपणे, माझ्याच आवाजात ओरडलो, "शाब्बास नंदिनी!"

आमची शाळा जिंकली. पुढं परभणीला जिल्ह्याच्या सामन्यांत पहिल्याच फेरीत हरली. उजवा कोपरा उघडा पडला, असं सर म्हणाले.

तालुक्याच्या त्या सामन्यानंतर तिसऱ्या दिवशी शिवकन्येची आई दुकानात आली. पदर डोक्यावर, हातात पिशवी, पिशवीत तो शर्ट धुऊन घडी घातलेला. दोन गिऱ्हाइकं बसलेली होती, त्यांच्यासमोरच तिनं शर्ट काउंटरवर उलगडला.

"हे काय केलं ओ तुमी? बाकीच्या पोरींच्या पाठीवर एवढुशी, अन् माझ्या लेकराच्या पाठीवर हे एवढं?"

मी आवाज अगदी मऊ ठेवला. म्हणालो, "ताई, शर्टाची साईज मोठी म्हणलं की चित्र मोठंच येतंय. मशीनचा हिशोब असतोय तो. माझ्या हातात काय न्हाई."

"काढून द्या मंग ते."

"निघत न्हाई."

हे मात्र खरं होतं. पण माझ्या मागच्या कपाटात त्याच कापडाचा, त्याच रंगाचा कोरा डबल एक्सेल पडलेला होता. जास्तीचा मागवलेला. दहा मिनिटांचं काम. मी कपाटाला पाठ लावून उभा राहिलो.

तिनं शर्ट पुन्हा सरळ केला. मग म्हणाली, "पोरगी शाळेत जाईना झालीय. भाकरी खाईना झालीय. तुमच्या घरी येत होती ना ती? तुमच्या लेकीच्या पाठीवर छापलं असतं का तुमी असं?"

आणि मी म्हणालो — ती दोन गिऱ्हाइकं ऐकत होती, त्यांच्याकडं बघत म्हणालो — "माझी लेक स्मॉल घालते, ताई."

ते दोघं हसले. एक जण तर जोरात हसला. त्या बाईनं शर्ट गोळा केला, पिशवीत कोंबला आणि दारात उभं राहून मला शिव्याशाप दिले. तुझं वाटोळं होईल, तुझ्या लेकराचं कधी बरं व्हायचं न्हाई, महादेव बघतोय. गल्ली गोळा झाली. मी हात जोडले. लोक म्हणाले, काय ओ ह्या बाईला, एका शर्टापायी केवढा तमाशा. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मला चहा पाजला. मी प्यालो.

शिवकन्या परीक्षेपुरती शाळेत आली, मैदानात पुन्हा आली नाही. सर तिच्या गावाला तीनदा जाऊन आले. पुण्याच्या निवडीला तिनं यावं म्हणून वडिलांच्या पाया पडायचे तेवढे राहिले. वडील तयार झाले, तीच नाही म्हणाली. बारा-पंधरा जणांसमोर पाठ करून उभं राहायचं, वजन करायचं, मापं घ्यायची — नको म्हणाली. सरांनी हे मला दुकानात बसूनच सांगितलं. त्यांना माझ्यावर कधी शंका आली नाही. उलट म्हणाले, मीच तुम्हाला नीट सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, जाऊ द्या सर.

नंदिनीनं सामन्याच्या दिवशी घरी आल्यावर विचारलं होतं, "बाबा, शिवाचं एवढं मोठं कसं आलं?" तिलाही मशीनचंच सांगितलं. तिनं मान्य केलं. वर्षभरात तिनं कबड्डी सोडली, मला वाटलं होतं तितकं तिचं काही अडलं नाही त्यावाचून. आता ती नांदेडला शिकते. मागच्या दिवाळीत सुट्टीला आली तेव्हा मी जेवायला घरी गेलो आणि तिला दुकानात बसवलं. परत आलो तर ती संगणकासमोर होती. पडद्यावर एक डिझाईन, त्याचा कोपरा तिनं धरलेला. ओढला की मोठं, सोडला की लहान. दोनदा-तीनदा तिनं तसं केलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "हे आपण स्वतःच करायचं असतं?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो, माझ्या समोरच तर चाललं होतं. ती उठली, ओढणी घेतली, घरी गेली. राहिलेल्या सुट्टीत दुकानाकडं फिरकली नाही. आता फोन आईच्या मोबाईलवरच करते.

आणि या माघात शिवकन्या आली.

चार-पाच वर्षांनी बघत होतो. तशीच उंच, तशीच रुंद. अंगावर जाड शाल, पाठीवरून घट्ट ओढून पुढं धरलेली. वडिलांचं दुकान आता तीच बघते म्हणाली. गावच्या महादेवाच्या यात्रेत स्वयंसेवकांना शर्ट करायचे होते, तीस. यादी तिनं स्वतः केली होती, स्वच्छ अक्षरात, प्रत्येक नावापुढं माप. मी यादी वाचली. तिचं नाव नव्हतं.

"तुझा नाही का?" मी विचारलं.

"मला नको, काका." मग शाल सारखी करत, "आमचे चुलते हायत, त्यांचा डबल एक्सेल हाय. मोठ्या साईजला चित्र मोठंच येतंय, ते मला माहीत हाय. पण त्यांच्यावर जरा बारीक न्हाई का करता येणार? म्हातारं माणूस हाय. लोक हसतील."

इतकी वर्षं ती ते खरं धरून होती. मशीनचा हिशोब. आपलं अंगच मोठं, मग म्हैस मोठी येणारच. मी तिच्याकडं बघत होतो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं — पोरी, मशीन काही करत नाही, मी केलं. बोलायच्या बेतात होतो, असं मी स्वतःला सांगत असतो. पण मी बोललो ते हे — "बघतो. प्रयत्न करतो."

तिचा चेहरा मोकळा झाला. ती जायला निघाली, आणि पायरीवरून परत फिरली. म्हणाली, "काका, तवा मायीनं तुमाला लय वाईट बोललं. तुमची काय चूक नव्हती. मला घरी कळलं तवा लय लाज वाटली. नंदिनीच्या लग्नाला तरी बोलवाल का न्हाई, असं वाटायचं. माफ करा तिला."

मी खुर्चीवरून उठलो. काउंटरला वळसा घालून तिच्याजवळ गेलो. आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "जाऊ दे पोरी. मी कधीच मनावर घेतलं नाही. माफ केलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.